पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मणक्यात दोष निघाला, पुढं काय?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या वहिनीला विसावा आठवडा लागलाय, पहिलंच बाळंतपण. तालुक्याला अॅनोमली स्कॅन झाला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय की डी १० ला (पाठीचा दहावा मणका) हेमिव्हर्टिब्रा असल्याची शंका, मोठ्या केंद्रात दाखवावं. सोनोग्राफीवाल्यांनी तोंडी एवढंच सांगितलं, "एक मणका अर्धाच बनलाय," आणि पुढचा नंबर पुकारला. वहिनी तिथून रडतच बाहेर आली.

तेव्हापासून घरात ज्याचं त्याचं वेगळं चाललंय. आई म्हणते, ग्रहणाच्या दिवशी हिनं भाजी चिरली. थोरले चुलते म्हणतात, अजून वेळ आहे तोवर मोकळं करा. दादा काहीच बोलत नाही. वहिनीला दोन घास खा म्हणून विनवावं लागतंय.

मला विचारायचंय ते असं: अर्धा मणका म्हणजे लेकरू चालणार की नाही? ही शंका पक्की कशी करतात? एमआरआय लागतो का, आणि त्यानं पोटातल्या बाळाला काही होतं का? लातूर-बीड भागातून कुठं जावं? ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांनी कृपा करून लिहा.

गोदातीर

दादा, आधी वहिनीला जेवायला घाला. आणि चुलत्यांना सांगा, दुसरा स्कॅन होईपर्यंत कोणीच काही ठरवायचं नाही. इथं माहीतगार लोक आहेत, उत्तरं येतील.

तुळजाई

मांजराकाठ, माझ्या मुलीला हेच आहे. पाठीच्या मधल्या भागात एक हेमिव्हर्टिब्रा. आता ती चौथीत आहे, शाळेत लंगडी खेळते, सायकल चालवते. उभी राहिली की डावा खांदा किंचित वर दिसतो, तोही सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

आम्हालाही विसाव्या आठवड्यातच कळलं. माझ्या सासूबाईंनीही ग्रहण काढलं होतं. त्यावेळी मला एकच गोष्ट हवी होती, कोणीतरी समोर बसवून चित्र दाखवत सांगावं की नेमकं काय आहे. ते पहिल्या ठिकाणी मिळालं नाही, दुसऱ्या ठिकाणी मिळालं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर मणक्यांची रांग काढली आणि एका मणक्याचा अर्धा भाग खोडला. म्हणाले, "आज मला दिसतंय ते एवढंच. आता बाकीचं बाळ बघू." मग किडन्या, हृदय, हात, पाय, पोट, डोकं, सगळं बराच वेळ बघितलं. तुम्हीही असं बघणारा माणूस शोधा.

कृष्णधवल

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मराठवाड्यातच काम करतो. रिपोर्ट आणि चित्रं न बघता निदान सांगणार नाही, पण ही तपासणी कशी चालते ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या ठिकाणी काय विचारायचं ते कळेल.

पोटातल्या बाळाच्या प्रत्येक मणक्यात हाड धरण्याच्या तीन जागा असतात. पुढं मणक्याच्या मुख्य भागाची एक, मागं कमानीच्या दोन. सोनोग्राफीत पाठीचा आडवा छेद घेतला की हे तीन पांढरे ठिपके त्रिकोणात दिसतात. मागचे दोन एकमेकांकडं झुकलेले हवेत. ते बाहेरच्या बाजूला फाकलेले दिसले तर पाठ उघडी आहे का, हे बघावं लागतं. मग उभा छेद आणि पाठीच्या बाजूनं समोरचा छेद, असे तिन्ही घ्यायचे. अर्धा मणका बहुधा समोरच्या छेदात सापडतो. तिथं रांग एकदम एका बाजूला वळलेली दिसते आणि एका बाजूचा तुकडा कमी असतो. थ्रीडी सोनोग्राफीत हाडांचा मोड लावला तर हे फार स्वच्छ दिसतं. बरगड्या मोजून कितवा मणका तेही काढता येतं.

मणक्याचा मुख्य भाग डावी-उजवी अशा दोन कूर्चांपासून, म्हणजे मऊ हाडाच्या तुकड्यांपासून बनतो. गर्भ अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असताना एका बाजूची कूर्चा बनली नाही की मणका पाचरीसारखा राहतो. तो हेमिव्हर्टिब्रा. दोन्ही अर्धे बनले पण मध्ये जुळले नाहीत तर बटरफ्लाय व्हर्टिब्रा. दोन मणके सुटेच झाले नाहीत तर ब्लॉक व्हर्टिब्रा. यातलं कोणतं आहे यावर पुढं पाठ किती वाकेल ते बरंचसं अवलंबून असतं. वरच्या-खालच्या दोन्ही मणक्यांपासून सुटा असलेला अर्धा मणका जास्त वाकवतो, शेजाऱ्याला चिकटलेला कमी.

पण पोटात असताना त्याहून मोठा प्रश्न असतो की हा दोष एकटा आहे की सोबत आणखी काही आहे. म्हणून डोकं बघायचं. उघड्या स्पायना बायफिडात, म्हणजे पाठीचा कणा उघडाच राहिला तर, मेंदूभोवतीचं पाणी पाठीतून गळतं, मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो. कवटी पुढून दबून लिंबासारखी दिसते आणि छोटा मेंदू केळ्यासारखा वाकतो. पुस्तकातही लेमन साइन आणि बनाना साइन अशीच नावं आहेत. डोकं नॉर्मल असेल तर उघड्या दोषाची शक्यता बरीच कमी होते. मग किडन्या दोन्ही आहेत का, हृदयाचे चार कप्पे आणि बाहेर जाणाऱ्या रक्तवाहिन्या, जठराचा काळा फुगा दिसतो का, हाताचं अंगठ्याकडचं हाड, नाळेत तीन रक्तवाहिन्या आहेत की दोन. मणका, गुदद्वार, हृदय, अन्ननलिका-श्वासनलिका, किडनी, हातपाय यातले तीन किंवा जास्त दोष एकत्र आले तर त्याला व्हॅक्टर्ल म्हणतात. तेव्हा चित्र बदलतं.

एकटा अर्धा मणका असेल, मज्जारज्जू नीट असेल, तर लेकरू चालतं. तुळजाईंनी लिहिलंय तसं.

बालाघाटी

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य, पण एवढ्या लवकर "चालतं" म्हणू नका. मणक्याचा दोष म्हटलं की सगळ्यांचं एकसारखं नसतं. आमचं वेगळं झालं.

माझ्या बायकोला लग्नाआधीपासून शुगर. पहिल्या खेपेला बाविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पाठीचा खालचा भागच दिसेना. कमरेखाली हाडच नाही. दोन्ही पाय मांडी घातल्यासारखे दुमडलेले, बारीक, आणि हलत नव्हते. कॉडल रिग्रेशन म्हणाले. एमआरआयमध्ये मज्जारज्जू जिथं निमुळता होत जायला पाहिजे तिथं वरच बोथट होऊन थांबलेला दिसला. लघवी-संडासवर ताबा राहणार नाही, पाय चालणार नाहीत, असं तीन डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून गर्भपाताचा निर्णय घेतला. तो आमचा होता आणि आजही आमचाच आहे. म्हणून चुलते जे म्हणतात त्यांना एकदम वेड्यात काढू नका. त्यांनी असं काही बघितलेलं असू शकतं.

तुळजाई

बालाघाटी दादा, वाचून डोळे भरून आले. तुमच्या निर्णयाला कोणी नावं ठेवू नये. माझं म्हणणं इतकंच की चुलत्यांनी नाव ऐकून ठरवलं, तुम्ही तपासणी करून ठरवलंत.

कृष्णधवल

बालाघाटी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. कॉडल रिग्रेशन अतिशय दुर्मीळ आहे, लाखात एखाद-दुसरं बाळ. पण आईला गर्भधारणेच्या आधीपासून मधुमेह असेल तर त्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. इथं आधीपासून हा शब्द महत्त्वाचा. सहाव्या-सातव्या महिन्यात जी गरोदरपणातली शुगर निघते, तिची गोष्ट वेगळी, कारण मणका तोवर कधीच बनून झालेला असतो. म्हणून शुगर असलेल्या बाईनं दिवस राहण्याआधीच एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) तपासून शक्य तर साडेसहाच्या खाली आणावं, आणि शुगर नियंत्रणात येईपर्यंत थांबावं.

डी १० चा अर्धा मणका आणि कमरेखालचं हाडच नसणं हे दोन अगदी वेगळे दोष आहेत. मांजराकाठ, वहिनींच्या रिपोर्टमध्ये कंबर, माकडहाड, पायांची हालचाल यावर काय लिहिलंय तेवढं बघून सांगा.

बालाघाटी

हो, दुसऱ्या खेपेला आम्ही तेच केलं. आधी शुगर साडेसहाच्या आत आणली, मग पुढं गेलो. आज घरात धिंगाणा घालणारं एक कार्टं आहे, आत्ताच माझ्या मोबाइलवर दूध सांडलंय.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट परत वाचला. लिहिलंय, दोन्ही पायांची हालचाल आहे, लंबो-सॅक्रल भाग दिसतो, मूत्राशय दिसतं, डोकं नॉर्मल मर्यादेत. "बाळाच्या स्थितीमुळं मणक्याचा पूर्ण आढावा शक्य झाला नाही," असंही आहे. ते शेवटचं वाक्य आम्ही कोणी वाचलंच नव्हतं.

पैठणगेट

बाळाच्या स्थितीवरून आठवलं. आमच्या वेळी बाळ पाठ खाली करून निवांत पडलेलं. डॉक्टर म्हणाले, पाठ दिसल्याशिवाय रिपोर्ट देणार नाही, जरा खाऊन फिरून या. बायकोनं बाहेर वडापाव खाल्ला, दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, परत आली तर बाळ तसंच. परत फेऱ्या. तिसऱ्यांदा कुठं वळलं. सासूबाई म्हणाल्या, "बापावर गेलंय, हाक मारली की कूस बदलतं." पण त्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटलं, अर्धवट बघून हातात कागद दिला नाही.

कृष्णधवल

अगदी बरोबर. बाळ पाठीवर पडलेलं असेल तर मणक्याच्या मागच्या कमानी आणि त्यावरची कातडी दिसत नाही. थांबवून परत बघणं किंवा आठवड्यानं बोलावणं हाच उपाय. मांजराकाठ, त्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा की पहिला स्कॅन अजून पुरा झालेलाच नाही. शिवाय बाळ वेडंवाकडं वळलेलं असताना रांग वाकडी भासू शकते, तेव्हा दोषही दुसऱ्या स्कॅनमध्येच पक्का किंवा खोटा ठरेल.

हिंगोलीकर

ग्रहणाचं कोणीच नीट बोललं नाही म्हणून मी बोलतो. आमच्याकडं अजूनही ग्रहण म्हटलं की गर्भारणीला दिवसभर आडवं पाडून ठेवतात, पाणी पिऊ देत नाहीत, सुरी-विळी लपवतात. ते उन्हाळ्यात झालं तर बाईला चक्कर येईस्तोवर. मणका बनतो पहिल्या दोन महिन्यांत. तुमच्या वहिनीनं भाजी कधी चिरली? तिला दिवस गेलेत हे घरात कळायच्या आधीच मणका बनून गेलेला. आईला हे नीट सांगा, भांडून नको. वहिनीच्या मनावरचा तो दगड उतरला पाहिजे.

अनघा_एस

+१. माझ्या जावेला ह्याच कारणानं वर्षभर घरात टोमणे खावे लागले. बाईच्या डोक्यावर पाप घालणं बंद करा.

हिंगोलीकर

आणखी एक. माझ्या भाचीच्या पाठीवर कमरेच्या वर केसांचा झुबका होता. आम्ही लक्ष दिलं नाही, "लक्ष्मी आहे" म्हणून कौतुक केलं. पुढं सहाव्या-सातव्या वर्षी एक पाऊल बारीक दिसायला लागलं, अंथरुणात लघवी परत सुरू झाली. एमआरआय केला तर मज्जारज्जू मधोमध दुभंगलेला आणि मध्ये हाडाची खुंटी. ऑपरेशन करून ती काढली. हे पोटात असताना दिसलं असतं का?

कृष्णधवल

याला डायास्टेमॅटोमायलिया किंवा स्प्लिट कॉर्ड म्हणतात. कधीकधी पोटातही दिसतं. समोरच्या छेदात मागच्या दोन कमानींच्या रांगा एका ठिकाणी रुंदावतात आणि त्यांच्यामध्ये एक जास्तीचा चमकदार ठिपका दिसतो. ती हाडाची खुंटी. मधला पडदा हाडाचा नसून तंतूंचा असेल तर सोनोग्राफीत चुकू शकतं. पाठ कातडीनं झाकलेली असेल तर असं बाळ बहुधा चांगलं वाढतं. फक्त मज्जारज्जू अडकून ताणला जातो का, यावर जन्मानंतर लक्ष ठेवावं लागतं.

मांजराकाठ यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण अर्धा मणका आणि दुभंगलेला मज्जारज्जू कधीकधी सोबत येतात. पुढच्या डॉक्टरांना "मज्जारज्जूचं टोक कुठं आहे आणि मध्ये खुंटी आहे का?" असं सरळ विचारा.

दुधनाकाठची

एमआरआयबद्दल मी ऐकलंय की किरणं लागतात, बाळाला कॅन्सर होतो. आमच्या गावात एकीला त्यामुळं नको सांगितलं.

कृष्णधवल

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखी किरणं नसतात, चुंबक आणि रेडिओलहरी असतात. चित्र उठून दिसावं म्हणून एरवी देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन गरोदर बाईला देत नाहीत. आवाज मोठा येतो, आत अरुंद वाटतं, आईला घाबरायला होतं, म्हणून आधी समजावून सांगावं लागतं. विसाव्या आठवड्याच्या आत बाळ फार छोटं असतं आणि फार हलतं, म्हणून जरा थांबून करतात. पण हाड सोनोग्राफीत जास्त चांगलं दिसतं. एमआरआय मज्जारज्जू आणि मेंदूसाठी. सोनोग्राफी नीट झाली आणि अर्धा मणका एकटाच निघाला तर प्रत्येकीला एमआरआय लागतोच असं नाही.

बालाघाटी

पण कायद्याचं काय? वीस आठवडे म्हणजे मुदत संपत आली. एमआरआयसाठी थांबले आणि काही वाईट निघालं तर मग कोर्टात जायचं का?

काळ्याकोटातला

ती वीस आठवड्यांची अट १९७१ च्या कायद्यातली. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसपर्यंत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि बाळातला गंभीर दोष त्या कारणांत येतो. चोवीसच्या पुढं दोष मोठा असेल तर मेडिकल बोर्डाकडं अर्ज करायचा. बोर्डात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट असतात, आणि अर्ज आल्यापासून तीन दिवसांत त्यांनी मत द्यायचं असतं. म्हणजे दुसरा स्कॅन करून, विचार करून ठरवायला हातात वेळ आहे. मुदतीच्या भीतीनं घाईत काही करू नका.

आणि लिहून ठेवतो, चालतं-फिरतं होणारं लेकरू असेल तर एकट्या अर्ध्या मणक्याला "गंभीर दोष" म्हणणं मला अवघड वाटतं. संमती फक्त वहिनीची लागते. चुलत्यांची नाही, दादाचीही नाही.

गेवराईची_आशा

मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. हे सगळं वाचून माझ्या मनातलं लिहिते. आमच्या गावातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते जातात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात. उचल घेतलेली असते. तिसऱ्या महिन्याच्या पोटुश्या बाया सुद्धा जायलेत. विसावा आठवडा लागतो तेव्हा ती बाई फडात असते, मोळी डोक्यावर. एक दिवस दवाखान्यात गेली तर खाडा पडतो, पैसे कापतात. गुढीपाडव्याच्या आसपास परत येती तेव्हा आठवा-नववा महिना. तेव्हा सोनोग्राफी करून मणका काय बघणार?

त्यात बीडचं नाव. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. त्यानंतर सोनोग्राफीवर कडक नजर, आणि ती पाहिजेच होती. पण बायांच्या डोक्यात एवढंच राहिलं की सोनोग्राफी म्हणजे गुन्हा. मी सांगते की फॉर्म एफ, सोनोग्राफीच्या नोंदीचा सरकारी कागद, भरायचा, मुलगा-मुलगी विचारायचं नाही, ती सांगणार नाहीत, पण लेकराची पाठ, डोकं, हृदय बघायला सोनोग्राफी कायद्यानंच चालते. तरी कबूल होत नाहीत. महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दवाखाना असतो, तिथं मी स्वतः हात धरून नेते.

मांजराकाठ दादा, तुमच्या वहिनीला वेळेत कळलं हे लई मोठं आहे. ते वाया घालवू नका.

गोदातीर

ताई, तुमच्यासारख्यांचं खरंच मोल आहे. मुकादमाकडं कार्ड दाखवून सोनोग्राफीसाठी एक दिवसाचा खाडा माफ करायला लावता येईल का? आमच्या गावातल्या टोळीसाठी मी बोलून बघतो.

गेवराईची_आशा

बोला दादा. कारखान्याच्या गावात पण आरोग्य केंद्र असतं. इथलं माता-बाल संरक्षण कार्ड तिथं चालतं, ते बरोबर नेलं पाहिजे. बाया ते घरातल्या पेटीत ठेवून जातात.

किनवटकर

थोडं अवांतर. आमच्या पाहुण्यांत एकाच्या बाळाचे बरेच मणके आणि बरगड्या वेड्यावाकड्या होत्या, छाती फार छोटी. नवरा-बायको मामे-आत्ये भावंडं. डॉक्टर म्हणाले नात्यातल्या लग्नामुळं. आपल्याकडं मामाची मुलगी करणं म्हणजे हक्कच समजतात. खरंच ह्यामुळं होतं का?

कृष्णधवल

सगळेच मणक्याचे दोष त्यामुळं होत नाहीत. एकटा अर्धा मणका बहुधा योगायोगानं होतो, पुढच्या बाळात परत येण्याची शक्यता कमी असते. पण तुम्ही सांगताय तसं, एका रांगेत अनेक मणके बिघडलेले आणि बरगड्या जुळलेल्या असतील तर ते स्पाँडायलोकॉस्टल डायसॉस्टोसिस असू शकतं. त्यातले काही प्रकार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतात. डीएलएल३ हे त्यातलं एक जनुक. नात्यात लग्न असेल तर दोघांत तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, आणि मग दर खेपेला चारात एक अशी शक्यता. त्या जोडप्यानं पुढच्या खेपेआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच पाहिजे.

अनघा_एस

आणि फोलिक अॅसिड? ते घेतलं असतं तर हे टळलं असतं का? वहिनीला कोणीतरी हेही ऐकवणार, म्हणून विचारते.

कृष्णधवल

फोलिक अॅसिड उघड्या स्पायना बायफिडासाठी खात्रीनं उपयोगी आहे. १९९१ मध्ये ब्रिटनच्या एका मोठ्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या बायांना जास्त मात्रेत फोलिक अॅसिड दिल्यावर परत तसं होणं ७२ टक्क्यांनी कमी झालं. जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती मज्जानलिका गर्भधारणेपासून २८ दिवसांत बंद होते, म्हणून गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू व्हायला पाहिजे, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधी असं बाळ झालं असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची देतात. अर्धा मणका मात्र फोलिक अॅसिडनं टळतो असं सिद्ध नाही. वहिनींना हा बोल अजिबात लागू नाही.

फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायांनी गर्भ राहण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. त्या गोळीनं स्पायना बायफिडाचा धोका वाढतो. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नये, फिट येणंही तितकंच घातक.

पैठणगेट

पोटातच ऑपरेशन करतात म्हणे, ते खरं का?

कृष्णधवल

खरं, पण उघड्या स्पायना बायफिडासाठी. २०११ मध्ये अमेरिकेतला मॉम्स नावाचा अभ्यास आला. सव्वीस आठवड्यांच्या आत पोटातच पाठ शिवलेल्या बाळांत मेंदूत शंट (साचलेलं पाणी काढायची नळी) घालायची गरज सुमारे ४० टक्क्यांना लागली, जन्मानंतर शिवलेल्यांत ८२ टक्क्यांना. त्यात वेळेआधी बाळंतपण आणि आईच्या गर्भाशयाला धोका हेही आहे. अर्ध्या मणक्याला पोटात काही करायचं नसतं.

मांजराकाठ

मंडळी, आज दुसरा स्कॅन झाला. संभाजीनगरला एका फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडं गेलो होतो. त्यांनी तुळजाईताईंनी सांगितलं तसंच चित्र काढून दाखवलं. थ्रीडीत डी १० चा उजवा अर्धा भाग नाही हे पक्कं झालं. पण तो एकच. दोन्ही किडन्या, हृदय, जठर, हात, नाळेच्या तीन रक्तवाहिन्या, सगळं व्यवस्थित. मज्जारज्जू एकच आहे, मध्ये खुंटी नाही. पाठ कातडीनं झाकलेली. एमआरआयची आत्ता गरज नाही म्हणाले, अठ्ठाविसाव्या आठवड्यात परत बोलावलंय, आणि हृदयाची वेगळी फीटल इको सांगितलीय.

ग्रहणाचं मीच डॉक्टरांना आईसमोर विचारलं. त्यांनी तिला हाताशी बसवून पहिल्या दोन महिन्यांचं सगळं समजावलं. आई परतीच्या एसटीत वहिनीच्या शेजारी बसली आणि स्वतःच्या डब्यातली धपाटी तिला खायला लावली. चुलत्यांना दादानं फोन करून सांगितलं, आमचं ठरलंय, बाळ येणार.

आता पुढं काय काय करायचं? बाळंतपण तालुक्याला चालेल का? सिझर लागेल का?

तुळजाई

किती बरं वाटलं वाचून! वहिनीला माझा नमस्कार सांगा, आणि तिला बोलायचं असेल तर मला निरोप पाठवा, फोनवर बोलू.

बालाघाटी

मनापासून आनंद झाला दादा. माझंही तेच म्हणणं होतं, बघून ठरवा. शुभेच्छा.

कृष्णधवल

फक्त या कारणासाठी सिझर लागत नाही. बाळंतपण जिथं बालरोगतज्ज्ञ हजर असतील तिथं करा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय महाविद्यालयं, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, यातलं जे जवळ पडेल ते.

जन्मल्यावर पाठ नीट बघायची, खळगा, केसांचा झुबका, गाठ काही आहे का. पूर्ण मणक्याचा एक्स-रे, किडन्यांची सोनोग्राफी, हृदयाची इको. मज्जारज्जूची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत करून घ्या, कारण तोवर मागच्या कमानी कुर्चेच्या असतात आणि आत दिसतं, नंतर हाड आडवं येतं. एमआरआय लागलाच तर तान्ह्या बाळाला भूल न देताही होतो. पोटभर पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळतात, बाळ झोपतं आणि तेवढ्यात करून घेतात.

मग मणक्याच्या सर्जनकडं दर सहा महिन्यांनी. पहिली पाच वर्षं आणि वयात येतानाची वर्षं, या दोन काळात वाक वाढू शकतो. नुसता पट्टा लावून जन्मजात वाक फारसा थांबत नाही, त्यामुळं पट्ट्यावर पैसे घालण्याआधी विचारा. वाक वाढत गेला तर लहानपणीच तो अर्धा मणका काढायचं ऑपरेशन असतं, नाही वाढला तर नुसती नजर.

गेवराईची_आशा

दादा, बाळ झालं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नोंद करा. अंगणवाडीत त्यांचं पथक येतं, अठरा वर्षांपर्यंत मोफत तपासणी आणि पुढचे उपचार त्यातून होतात. जिल्हा रुग्णालयात लवकर निदान केंद्र असतं तिथं पाठवतात. ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले योजनेत बसतं का तेही तिथंच विचारा, रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवा. आणि दोन्ही सोनोग्राफीचे रिपोर्ट, फिल्मसकट, एका पिशवीत घालून बाळाच्या कार्डासोबत ठेवा. मणक्याचे डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.

मांजराकाठ

पिशवी आजच शिवायला दिली ताई, आईनं.